परराज्यातून पुण्यात बिऱ्हाड हलवताय? पहिला आठवडा असा काढा

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ आहे दूरच्या राज्यातून पुण्यात राहायला येणाऱ्या कुटुंबांसाठी. नोकरीपायी वर्षानुवर्षं बाहेर राहिलेली आणि आता इकडे परतणारी मराठी घरं माझ्या ओळखीत बरीच आहेत. माझ्या ताईचं घर त्यातलंच एक. ताई, भावजी, दोन मुलं आणि ताईच्या सासूबाई कोलकात्याहून आले. त्यांचे ते दिवस मी अगदी जवळून पाहिले.

मुद्द्याची गोष्ट आधी सांगते. पहिल्या आठवड्यात सगळी कागदपत्रं उरकायच्या मागे लागू नका. आधी घर चालू करा. पाणी, शेगडी, कचरा आणि मुलांचं मार्गी लागलं पाहिजे. कागदांपैकी फक्त एकच हातात घ्यायचा, तो म्हणजे भाडेकरार. बाकीचे सगळे त्याच्या आधारानं होतात.

बऱ्याच राज्यांत अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे करून मोकळे होतात. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला वाटतं, इथेही तसंच चालेल. महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा 1999, त्याचं कलम 55. लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे इथला नेहमीचा भाडेकरार, लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती टाळली तर शिक्षाही त्यालाच आहे. म्हणून मालक म्हणाले, ‘कशाला एवढं, नोटरी करू,’ तर नम्रपणे पण ठामपणे नोंदणीच मागा. हल्ली ती ऑनलाइन होते. एजंट घरी येऊन अंगठ्याचे ठसे आणि फोटो घेऊन जातो. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं. ते एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं आणि त्यात अनामत रकमेवरचं हिशेबापुरतं धरलेलं व्याजही मोजतात. एजंटाचे पैसे निराळे, ते आधी ठरवून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हेही मालकाचंच काम. झालं का, एवढं विचारून ठेवा.

हा नोंदणीकृत करार हातात आला की आधारचा पत्ता घरबसल्या बदलता येतो. करार एकट्या भावजींच्या नावावर होता, मग ताईचं आणि मुलांचं काय? त्याला 2023 पासून सोय आहे. कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं बाकीच्यांचा पत्ता बदलतो. अर्ज केल्यावर प्रमुखानं 30 दिवसांत ऑनलाइन होकार द्यायचा असतो. तेवढं विसरू नका. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना 8 हा अर्ज आहे, तो निवांत भरला तरी चालेल.

आता जे अजून निघालेले नाहीत, त्यांनी नीट ऐका. काही कागद फक्त जुन्या गावातच मिळतात, आणि ते राहिले की इथून फोन करून करून जीव मेटाकुटीला येतो.

[कागद कॅमेऱ्याजवळ धरून] हा ताईचा गॅसचा कागद. नाव आणि नंबर मी झाकलाय. वर लिहिलंय टर्मिनेशन व्हाउचर. किती सिलिंडर परत केले, रेग्युलेटर परत केला का, अनामत किती परत मिळाली, सगळं यावर असतं. सिलिंडर ट्रकमध्ये टाकून आणायचे नसतात. तिथल्या एजन्सीकडे जमा करायचे, हा कागद घ्यायचा आणि इथल्या एजन्सीत दाखवून नवीन सिलिंडर घ्यायचे. अनामत इथे आजच्या दरानं भरावी लागते, म्हणजे जुनी परत मिळाली त्यापेक्षा बहुतेक जास्त. आणि घरात एमएनजीएलचा, म्हणजे पाइपनं घरोघरी गॅस देणाऱ्या कंपनीचा, पाइप असेल तर? मग सिलिंडर नकोत, पण सिलिंडरवरची शेगडी तशीच जोडून चालत नाही, बर्नरला गॅस सोडणारे बारीक भोकाचे जेट बदलून घ्यावे लागतात. ते काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. घराचा ताबा घेताना गॅसच्या आणि विजेच्या मीटरचा फोटो काढून मालकांना त्याच दिवशी पाठवा, म्हणजे आधीच्या बिलावरून पुढे वाद नको.

शाळेतून सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि मुलाचा पेन नंबर, म्हणजे शाळेच्या नोंदीतला कायमचा विद्यार्थी क्रमांक, घ्या. हा नंबर असला की इथली शाळा मुलाची नोंद स्वतःकडे ओढून घेते. दुसऱ्या राज्यातल्या दाखल्यावर काही शाळा तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, तेव्हा निघण्याआधीच इकडच्या शाळेला फोन करून विचारा. गाडी आणत असाल तर तिकडच्या आरटीओची एनओसी काढा. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहणार असेल तर नवीन नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. बीएच मालिकेचा, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा, नंबर असेल तर ती दगदगच नाही.

आता पहिली रात्र. हावड्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं दोन रात्री काढून माणसं पोचली, पण सामानाचा ट्रक मागे होता. म्हणून जेवढं सोबत लागणार तेवढं ट्रकात टाकायचंच नाही. चादरी, दोन बादल्या, एक कुकर, इंडक्शन शेगडी, बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, मुलांची वह्या-पुस्तकं. मूळ कागद तर अंगावरच्या पिशवीत. आणि म्हाताऱ्या माणसांची औषधं महिन्याभराची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

ताईच्या सासूबाईंना नवीन घरात आधी दूध उतू घालायचं होतं. गॅस सुरू व्हायचा होता. मग खालून चितळ्यांची पिशवी आणली, छोट्या पातेल्यात इंडक्शनवर ठेवली. पाचही जण भोवती उभे. दूध फसफसून वर आलं, काठावरून ओघळलं, शेगडी पीं पीं करत बंद पडली आणि आजींनी पातेल्याला हळदकुंकू लावलं. त्याच दुधाचा चहा झाला. दोन रात्रींच्या प्रवासात गप्प गप्प असलेली भाची तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी बोलायला लागली. तुमच्या घरची जी रीत असेल ती सामानाची वाट न बघता करून घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पाण्याचं बघू. पुण्याला पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतून मिळतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही ती धरणं. पण तुमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी येतं, बोअरचं येतं की टँकरचं, हे पहिल्याच दिवशी विचारा, विशेषतः शहराच्या कडेच्या भागात. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की महापालिका बहुतेक वेळा गुरुवार धरते, आणि शुक्रवारी सकाळीही पाणी उशिरा आणि कमी दाबानं येतं. तेव्हा बुधवारी रात्री भरून ठेवायची सवय लावा.

कचरा ओला वेगळा, सुका वेगळा. बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या ताई तो दारातून नेतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून ही संस्था उभी राहिली. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. समोरची बाई हातानं कचरा निवडते, तिच्यासाठी हा ठिपका फार मोलाचा आहे. मुलांनाही शिकवा.

मुलांचं मात्र घाईनं होत नाही. 2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. घरात मराठी बोलणाऱ्या मुलालाही निबंध लिहिताना घाम फुटतो. भाचा हिंदी शिकलेला होता, त्यामुळे देवनागरी वाचायला अडलं नाही. अडलं ते क्रियापदांच्या रूपांत आणि व्याकरणात. लगेच शिकवणी लावू नका. आधी रोज संध्याकाळी त्याला खाली खेळायला सोडा आणि मराठीच्या बाईंना घरची परिस्थिती स्वतः जाऊन सांगा. जुन्या शाळेतल्या मित्रांशी फोनवर बोलायचं असेल तर बोलू द्या. ‘आता तिकडचं विसर’ असं कृपया म्हणू नका.

सर्वांत एकटं पडतं ते घरातलं वयस्कर माणूस. मुलं शाळेत, मोठी ऑफिसात, आणि आजी बंद दारामागे. जवळच्या बागेतल्या ज्येष्ठ नागरिक संघाची चौकशी करा आणि पहिल्या दिवशी स्वतः सोबत जा, नुसता पत्ता देऊ नका.

आणि जे पुण्यात आधीपासून राहताय, त्यांच्यासाठी. तुमच्या मजल्यावर असं कुणी राहायला आलं, तर बेल वाजवा आणि एका कागदावर एवढं लिहून द्या: पाण्याची वेळ, दूधवाल्याचा नंबर, कचरा किती वाजता नेतात, जवळचा डॉक्टर, वायरमन आणि प्लंबर. सोबत डब्यात पोळीभाजी असली तर फारच उत्तम, कारण त्यांचा ट्रक अजून वाटेत असतो.