नवव्या महिन्यात बाळ ‘शांत होतं’? कुणी सांगितलं तुम्हाला?

नमस्कार मंडळी. आवाज जरा बसलाय, तेवढं सांभाळून घ्या. पण हा व्हिडिओ आणखी पुढे ढकलला तर तुमच्यातल्या निम्म्या जणींची बाळं बारशाला पोचतील.

“ताई, सातव्या महिन्यापासून पुढे काय काय होतं ते एकदा सांगा ना.” डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीतल्या रील्स सुरू झाल्या की या कमेंट्स वाढतातच. सांगते. बरंचसं तुम्हाला माहीत आहे, ते भराभर उरकू. मला खरं बोलायचंय ते एकाच गोष्टीवर, पोटातल्या बाळाच्या हलण्यावर, आणि ती मी आज तीनदा सांगणार आहे. कंटाळा आला तरी ऐका.

आधी महिन्यांचा घोळ मिटवू. घरात म्हणतात “आठवा लागला”, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं ३१ आठवडे, आणि शेजारच्या काकू बोटांवर मोजून तिसरंच काहीतरी सांगतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. पूर्ण ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. २८व्या आठवड्यापासून शेवटची तिमाही. त्यामुळे दवाखान्यात फोन केलात तर “आठवा चालू आहे” सांगू नका, “एकतीस आठवडे झालेत” असं सांगा. पलीकडच्या सिस्टरला लगेच अंदाज येतो. आणि ती दिलेली तारीख असते ना, नेमकी त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या शंभरात जेमतेम चार-पाच. तारखेला काही झालं नाही म्हणून आत्याबाईंचे फोन सुरू झाले तर तो फोन नवऱ्याकडे द्या.

आता भराभर. कंबर दुखते, छातीत जळजळतं, रात्री चार वेळा उठावं लागतं, पिंढरीत गोळे येतात, जिना चढला की धाप लागते. होतं हे सगळं. झोपताना कुशीवर झोपा, डाव्या किंवा उजव्या. मध्यरात्री जाग आली आणि उताण्या असलात तर घाबरायचं नाही, कूस बदलायची आणि पुन्हा झोपायचं. लोहाची गोळी चहाबरोबर नको, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शनचं (बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह असला तर आईचं रक्त त्याच्याविरुद्ध जाऊ नये म्हणून देतात ते) डॉक्टरांना आठवणीने विचारा. माहेरी जाताना साड्या कमी न्या, फाईल आधी भरा: सगळे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा कागद.

एक मात्र भराभर नाही. संध्याकाळी पाय सुजतात, ते बहुतेकींचं होतं. पण चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं दुखायचं थांबत नाही, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, उजव्या बरगडीखाली दुखतं, तर हे रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. १४०/९० किंवा त्याच्या वर गेला की त्याच दिवशी दवाखाना. “ॲसिडिटी असेल” म्हणून ओवा खात बसू नका. तसंच रात्री तळहात-तळपायांना खूप खाज सुटते आणि पुरळ काहीच नाही, तर खोबरेल लावून गप्प बसायचं नाही. यकृताची रक्ततपासणी करावी लागते.

आणि हो, “सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही” हे लिहिणाऱ्यांनी कृपा करा. आठव्यातल्या बाळाची तयारी सातव्यातल्यापेक्षा जास्तच झालेली असते. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचा. हे वाक्य ऐकून आठवा महिनाभर रडलेल्या मुली मी पाहिल्यात.

हं. आता मुद्द्याचं.

मागच्या व्हिडिओखाली एकीने लिहिलं होतं, “ताई, ३७ आठवडे झालेत, कालपासून बाळ कमी हलतंय. आई म्हणते दिवस भरत आले की बाळ शांत होतं.” त्याखाली हृदयाच्या इमोजींसकट उत्तरं: “हो गं, माझंही तसंच होतं.” “जागा कमी होते ना.” “बाळ आराम करतंय.” अगं बायांनो!

दिवस भरत आले म्हणून बाळाचं हलणं कमी होत नाही. नवव्यात नाही, दिवस उलटून गेल्यावर नाही, कळा सुरू झाल्यावरसुद्धा नाही. हे पहिल्यांदा सांगितलं.

मग हे आलं कुठून? बदल होतो, हे खरं आहे. सहाव्या-सातव्यात बाळ धडाधड लाथा मारतं, कोलांट्या घेतं. पुढे जागा आवळत जाते, तेव्हा लाथेऐवजी कूस बदलणं, ढकलणं, ताणणं, पोटाच्या एका बाजूला फुगवटा येऊन सरकत जाणं असं सगळं जाणवतं. गच्च भरलेल्या एसटीत माणूस उड्या मारत नाही, पण कोपर मारायचं काही थांबवत नाही. तसंच. हलण्याची तऱ्हा बदलते. दिवसभरात हलणं तेवढंच राहायला हवं.

मी लेबर रूममध्ये काम केलंय. रात्री येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा “उगाच आलोय बहुतेक” हेच असायचं. एक मुलगी आठवते, पहिलटकरीण, माहेरी आलेली. संध्याकाळपासून बाळ नेहमीसारखं हलत नव्हतं. बरोबर आई, आणि आईच्या चेहऱ्यावर एवढा संकोच, जणू काही आमच्याकडे उधार मागायला आली होती. पोटाला पट्टे लावले, अर्धा तास यंत्रावर ठोके बघितले, रक्तदाब घेतला, डॉक्टरांनी बाळाभोवती पाणी किती आहे ते सोनोग्राफीत बघितलं. सगळं ठीक. आई म्हणाली, “बघ, म्हटलं होतं ना, उगाच सिस्टरना त्रास.” मी म्हटलं, “काकू, याच्यासाठीच तर आम्ही रात्री जाग्या असतो.” काही ठिकाणी ओरडून परत पाठवतात, हेही मला माहीत आहे. तुम्ही लिहिता ना, वाचते मी. ओरडू दे. ठोके बघितल्याशिवाय उठायचं नाही.

आता दुसऱ्यांदा, दुसऱ्या बाजूने. “ताई, दिवसात किती वेळा हलायला पाहिजे? आकडा सांगा.” या प्रश्नाने मला खरंच वैताग येतो. तुमच्यावर नाही, त्या आकड्यावर. कुणाला जेवणानंतर तासभर मोजायला सांगतात, कुणाला दिवसात दहा. तुमच्या डॉक्टरांनी जी पद्धत दिलीय तीच धरा. पण आकड्याच्या आधी तुमच्या बाळाची सवय ओळखा. कुणाचं बाळ रात्री आडवं झालं की नाचतं, कुणाचं सकाळच्या नाश्त्यानंतर. पोटात बाळ झोपतंही, साधारण वीस ते चाळीस मिनिटं, कधी जरा जास्त. मैत्रिणीचं बाळ पन्नास वेळा हलतं म्हणून तुमचंही तेवढंच हलायला हवं असं नाही. तुमचं बाळ काल, परवा, गेल्या आठवड्यात जसं होतं, तसं आज आहे का? एवढंच विचारायचं.

कामात असलात की लक्ष जात नाही, हे खरं. ऑफिस, मोठं पोर, पाहुणे. शंका आली तर डाव्या कुशीवर आडव्या व्हा, फोन बाजूला ठेवा आणि दोन तास फक्त पोटाकडे लक्ष द्या. लाथ, कूस, ढकलणं, सगळं धरायचं. उचकी नाही धरायची. बहुतेक वेळा दहा होऊन जातात दोन तासांच्या आतच. नाही झाली, तर फोन. आणि कमी झाल्याची खात्रीच असेल, किंवा काहीच जाणवत नसेल, तर हे दोन तासही थांबायचं नाही. सरळ निघायचं.

तिसऱ्यांदा. हा भाग सासूबाईंना ऐकवा, पण प्रेमाने. “गोड खा, थंड पाणी पी, मग हलेल.” असं करून बाळ हलतंच, असं काही सिद्ध झालेलं नाही. पेढा खा हो, माझी काही हरकत नाही. पण एक पेढा, मग सरबत, मग “जरा वेळ बघू”, मग “आता रात्र झाली, सकाळी जाऊ”, यात आठ तास जातात. सकाळी जायचं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तिथे जरूर जात जा, पण या तक्रारीसाठी ९ तारखेची वाट बघायची नाही. रात्री अडीच वाजले असले तरी निघायचं. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२.

आणि ते ठोके ऐकायचं छोटं यंत्र, ऑनलाइन मिळतं ते. लिंक मागू नका, देणार नाही. त्यात स्वतःच्याच रक्तवाहिनीचा आवाज ऐकून बाळाचा समजणाऱ्या आहेत. बरं, खरे ठोके ऐकू आले तरी बाळ त्रासात नाही असं त्यावरून कळत नाही. तुमचा धीर तेवढा वाढतो आणि जाणं लांबतं.

कळांचं थोडक्यात. पोट कडक होतं, उठून फिरलं की सैल पडतं, तर खोट्या कळा. नियमित येतात, जवळजवळ येत जातात, वाढतात, त्या खऱ्या. पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर कळांची वाट बघू नका. पाणी हिरवट असेल तर बॅग शोधायलाही थांबू नका. ३७ आठवड्यांच्या आत यातलं काहीही झालं तर त्याच मिनिटाला. एरंडेल पिऊन कळा आणायचे उद्योग घरी करू नका, जुलाब तेवढे होतात.

शेवटची कमेंट. एका दादांनी लिहिलंय, “बायको घाबरट आहे. बाळ हलत नाही म्हणून दोनदा नेलं, दोन्ही वेळा नॉर्मल निघालं. आता तिसऱ्यांदा म्हणतेय. काय करू?”

दादा, तिसऱ्यांदाही न्या. आधी दोनदा आलो होतो हे तिथे मुद्दाम सांगा, कारण हलणं पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर डॉक्टर वाढ, पाणी, सगळं नीट तपासतात. तिला घाबरट म्हणू नका. आणि आज ऑफिसातून येताना गाडीत पेट्रोल भरून ठेवा.