ताको, टॅको आणि घरातली मराठी

(लॉस एंजेलिस परिसरातील आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घेऊन झाला असेल तर जरा पुढे सरकून बसा, मागे काही पालक लेकरांना कडेवर घेऊन उभे आहेत. आज मी त्यांच्याशीच बोलणार आहे.

आमची लेक साडेतीन वर्षांची असताना एकदा टॅको या मेक्सिकन खाण्याचं नाव निघालं तेव्हा गाडीत मागून तिच्या बाबाला म्हणाली, "बाबा, टॅको नाही. ताको." ती तेव्हा चार महिने स्पॅनिश बालवाडीत जात होती. तिथे बाईंना मुलं 'मायेस्त्रा' म्हणतात. या बाई मेक्सिकोतल्या वाहाकाच्या. सकाळी दारात "बुएनोस दीयास" म्हटल्यापासून दुपारी बूट चढवेपर्यंत त्या मुलांशी स्पॅनिशच बोलतात. हात धुवा, रांगेत या, ढकलू नकोस, रडू नकोस बाळा, सगळं स्पॅनिशमध्ये. शब्दांची यादी नाही, पाठांतर नाही. मूल त्या भाषेत दिवस काढतं, एवढंच.

पण तिचा तो 'त' माझ्या मनात राहिला. स्पॅनिशमधला त हा आपला त आहे, जीभ दातांना टेकवून म्हटलेला. इंग्रजीतला उच्चार आपल्या कानाला ट वाटतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात तान्ह्या बाळांवर केलेला एक अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त आणि ट यांतला फरक ओळखता येत होता. वर्ष भरत आलं तसा तो बहुतेकांचा निसटला. आपल्या घरात ज्याच्या कानावर 'ताट' पडतं, त्या बाळाचे दोन्ही वर्ण टिकतात. आमच्या लेकीला बालवाडीत तो त नव्याने शिकावा लागला नाही. तो आजीने दिलेलाच होता.

आणि पुढे तर किती! आपण 'मला दूध आवडतं' म्हणतो. इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता होतो. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता ला लेचे', म्हणजे थेट आपल्यासारखं, मला दूध आवडतं. आंबे अनेक झाले की आपलं 'आवडतात' होतं, त्यांचं 'गुस्तान' होतं. डोकं दुखलं की 'मे दुएले ला काबेसा', तिथेही दुखतं ते डोकंच. नामाला लिंग आहे. जवळच्याला 'तू' आहे, आणि तोही शब्द 'तू'च. मोठ्यांना 'उस्तेद', आपल्या तुम्हीसारखं. मराठी बोलणारं मूल या वर्गात अर्धी वाट चालूनच आलेलं असतं.

आता जे सांगायला मी इथे उभी आहे, ते सांगते. आम्ही मधले सहा महिने घरात मराठी बंद केली होती. "तीन भाषांनी मुलीचा गोंधळ होईल, घरी फक्त इंग्रजी बोला," असा सल्ला एका जाणत्या वाटणाऱ्या माणसाने दिला आणि आम्ही घाबरून तो पाळला. मग साताऱ्याहून माझी आई आली. लेक तिच्या मांडीवर बसली, आईने विचारलं, "काय खाल्लंस गं आज?" लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला प्रश्न कळला होता, उत्तर येत नव्हतं. आई काही बोलली नाही, नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. ते मला अजून विसरता येत नाही.

भाषा वाढल्या म्हणून मुलाचं बोलणं अडतं, याला संशोधनाचा आधार नाही. खरीच अडचण असेल तर ती मुलाच्या सगळ्या भाषांत दिसते. तेव्हा तज्ज्ञांकडे जरूर जा, पण घरची भाषा काढून घेऊ नका. "मला अग्वा दे", म्हणजे पाणी दे, असं मूल म्हणालं तर तो गोंधळ नव्हे. हाताशी आला तो शब्द त्याने वापरला, इतकंच. सुरुवातीचे काही महिने मूल शाळेत कदाचित गप्पच राहील किंवा इंग्रजीत उत्तरं देईल. ते ऐकतंय, साठवतंय. घरी आल्यावर "स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलून दाखव" असं पाहुण्यांसमोर सांगू नका.

पडद्याबद्दलही सांगते. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये सिएटलमधल्या नऊ महिन्यांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बारा वेळा चिनी ऐकलेली बाळं त्या भाषेतले वर्ण ओळखायला शिकली. तेच पडद्यावर पाहिलेली शिकली नाहीत. बाळाला समोर माणूस लागतो.

दुसऱ्या भाषेत शिकवणाऱ्या शाळांचे प्रयोग काल-परवाचे नाहीत. मायामीत कोरल वे शाळेत १९६३ मध्ये क्यूबाहून आलेली आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकत्र दोन्ही भाषांत शिकू लागली. मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्टला १९६५ मध्ये इंग्रजीभाषक पालकांनीच हट्ट धरून फ्रेंच बालवर्ग सुरू करवला. त्याच धर्तीवर १९७१ मध्ये इथे कल्व्हर सिटीत स्पॅनिश वर्ग निघाला, आपल्यापैकी काहीजण तिथूनच आज आले आहेत. कॅलिफोर्नियात मात्र १९९८ च्या प्रस्ताव २२७ ने द्विभाषिक शिक्षणावर मोठी बंधनं आली. २०१६ मध्ये मतदारांनी ती उठवली, सुमारे ७३ टक्के मतांनी. ज्या भूमीवर १८४८ पर्यंत मेक्सिकोचा अंमल होता, तिथे अशी बंधनं यावीत याचं मला वाईट वाटतं. स्पॅनिश ही इथली परकी भाषा नाही. आपल्या मुलांनी ती शिकताना शेजारच्या काकूंना, भाजीवाल्या मामांना 'उस्तेद' म्हणावं, ही माझी मनापासून इच्छा आहे.

शाळा निवडताना पाटीवरच्या शब्दाला भुलू नका. अर्धा तास गाणी आणि रंगांची नावं म्हणजे इमर्शन, म्हणजे त्या भाषेतच दिवस काढून शिकणं, नव्हे. खेळाच्या वेळी कुंपणापाशी उभे राहा. मूल पडून रडायला लागलं की बाई कोणत्या भाषेत जवळ घेतात, ते ऐका. वर्गात स्पॅनिश घरांतली मुलं आहेत का, तेही विचारा, कारण मूल मित्रांकडूनही भाषा उचलतं.

आपलं घरचं काम मात्र शाळा करणार नाही. येत्या महिन्यापासून शनिवारी सकाळी दहा ते साडेअकरा, रविवारच्या मराठी शाळेचं वय न झालेल्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आम्ही मराठी खेळघर भरवतोय. पोळीचे गोळे करायचे, भाजी निवडायची, गोष्ट ऐकायची, भांडायचं, सगळं मराठीत. वही-पेन नाही. त्यासाठी शिक्षक नकोत, आजी-आजोबा हवेत. सहा महिन्यांसाठी आलेल्या ज्यांना इथे दुपार मोठी वाटते, त्यांना घेऊन या. माझी आई पहिल्या शनिवारी येते आहे. नावं दारापाशी तिळगुळाच्या टेबलावरच्या वहीत लिहा.