बीप वाजल्यावर बोला

नमस्कार, श्रोतेहो.

मध्यरात्र उलटलीय आणि माइक फोन फिरवतोय. काही तासांपूर्वी बारमध्ये निकी नावाच्या मुलीनं त्याला नंबर दिलाय. लगेच फोन करू नकोस, दोन दिवस तरी जाऊ दे, असं मित्रांनी बजावलेलं. पण राहवतंय कुठे? पलीकडे आन्सरिंग मशीन, म्हणजे बीप वाजल्यावर निरोप टेप करणारं यंत्र. नंबर सांगता सांगता बीप वाजतो, निरोप अर्धवट. म्हणून दुसरा फोन. मग आधीचा खुलासा करायला तिसरा. बघता बघता स्वारी त्या यंत्रापुढे सहा वर्षांच्या मोडलेल्या नात्याचं गाऱ्हाणं घालते आणि शेवटी, आपलं काही जमायचं नाही, म्हणून चक्क यंत्राशीच ब्रेकअप करते! तेवढ्यात निकी स्वतः फोन उचलते. पुन्हा कधीही फोन करू नकोस, एवढं सांगते आणि ठेवून देते.

हा १९९६ सालचा अमेरिकन चित्रपट, ‘स्विंगर्स’. आपल्याकडे त्या काळी एसटीडी बूथमध्ये मीटरचे आकडे पळायचे आणि मागे रांग खोकायची. असा सहा वेळा फोन करायचा तर आपला प्रेमवीर मनाआधी खिशानंच खचला असता.

लिहिणारा जॉन फाव्हरो; माइक झालाय तोच. त्याचं स्वतःचं नातं तुटलेलं होतं. बजेट सुमारे २ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबानं चिल्लर. दिग्दर्शक डग लायमन स्वतःच कॅमेरा खांद्यावर घेऊन लॉस एंजेलिसच्या खऱ्याखुऱ्या बारमध्ये शिरला. त्यामुळे गर्दी, अंधार, धक्काबुक्की, सगळं अस्सल वाटतं. पैसे नसल्याचा असा फायदा.

माइकला सावरायला दोन मित्र आहेत. ट्रेंट, म्हणजे व्हिन्स वॉन, सगळ्यांच्या लक्षात राहतो. उंचापुरा, बोलघेवडा, माइकला बळंच लास वेगासला नेणारा. त्याच्या मते दुःखावर एकच औषध, दुसरी मुलगी. माझं मन मात्र रॉबवर बसलंय. न्यूयॉर्कहून नट व्हायला आलेला हा बिचारा डिस्नेच्या गूफीचा मुखवटा घालायचं काम मिळतंय का बघतोय. निकीच्या त्या फोननंतर माइक घरात कोंडून घेतो, तेव्हा रॉब येतो आणि नुसता बसतो. तो सांगतो, रोज थोडं कमी दुखतं. मग एके दिवशी दुखतच नाही, आणि गंमत म्हणजे त्या दुखण्याचीच आठवण यायला लागते. इतकी त्याची सवय झालेली असते. एवढ्या थट्टेच्या चित्रपटात हे वाक्य हळूच येऊन बसतं.

मुलींबद्दल ही पोरं जे बोलतात, ते आज कानाला खटकतं, हे कबूल. पण चित्रपटही त्यांना हसतोच.

सुरुवातीलाच रॉबनं भाकीत केलेलं असतं: तू तिला खरोखर विसरलास की मगच ती परत येईल. आणि तसंच होतं. न्यूयॉर्कहून मिशेलचा, म्हणजे माइकच्या त्या जुन्या प्रेयसीचा, फोन येतो. सहा महिने ज्या आवाजाची वाट पाहिली, तोच आवाज. तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर लॉरेन, नुकतीच ओळख झालेली, याच्याबरोबर मनसोक्त नाचलेली. माइक लॉरेनशी बोलतो.

आणि ट्रेंट? खाणावळीत समोरची बाई आपल्याकडेच बघून लाडिक हसतेय, या भ्रमात तोही तसेच चाळे करायला लागतो. ती आपल्या तान्ह्या बाळाशी बुवा-कुक खेळत असते.