हवा काढून घेतलेला कागद

हाताने केलेल्या शुभेच्छापत्रांत ठशांनी उमटवलेल्या चित्रांवर व्हेलमचे, म्हणजे एका अर्धपारदर्शक कागदाचे, थर कसे द्यावेत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा विषय बहुतेक वेळा क्रमवार कृतीच्या रूपाने शिकवला जातो. मी मात्र कृतीआधी कागदाविषयी बोलणार आहे. व्हेलमवर काम करताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी आणि त्यातून मिळणारे जवळजवळ सगळे सौंदर्य एकाच गोष्टीतून येते, असे बरीच वर्षे हे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे, आणि ती गोष्ट म्हणजे या कागदात हवा नसते.

व्हेलम हा शब्द मूळचा वासराच्या कातड्याचा. ग्रंथ हाताने लिहिले जात त्या काळी वासराचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, खरवडून, ताणून वाळवत आणि त्यावर लिहीत. फ्रेंच भाषेतील वासराच्या नावावरून हा शब्द आला. आज आपण वापरतो तो व्हेलम लाकडाच्या लगद्याचाच असतो, फक्त तो लगदा नेहमीपेक्षा फार जास्त घोटलेला असतो. साध्या कागदाच्या तंतूंमध्ये हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रकाश तंतूतून हवेत, हवेतून पुन्हा तंतूत शिरताना दर वेळी विखुरतो, म्हणून साधा कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. लगदा पुरेसा घोटला की तंतू एकमेकांना इतके घट्ट बिलगतात की ते कप्पे जवळजवळ नाहीसे होतात आणि प्रकाश बऱ्याच अंशी आरपार जाऊ लागतो. ट्रेसिंग पेपरही याच कुळातला. कागद विकत घेताना एक खबरदारी घ्यावी. ‘व्हेलम फिनिश’ असे लिहिलेला जाड, किंचित खरखरीत, अपारदर्शक कागदही मिळतो. तो आपल्या उपयोगाचा नाही. ठसाकामासाठी दर चौरस मीटरला 100 ग्रॅमच्या आसपास वजनाचा अर्धपारदर्शक व्हेलम चांगला, कारण त्याहून फार पातळ कागद शाई लागताच सुरकुततो.

आता माझ्या हातातील या पानाकडे पाहा. जाड पांढऱ्या कार्डपेपरवर मी गडद हिरव्या शाईने नेच्याच्या पानाचा ठसा उमटवला आहे. त्यावर व्हेलमचा तुकडा सपाट टेकवते. पानाची प्रत्येक शीर अजून दिसते आहे. रंग तेवढा फिका, दुधाळ झाला. आता तोच तुकडा मी बोटांनी हळूहळू वर उचलते. दोन मिलिमीटर अंतर पडले आणि शिरा गेल्या. आणखी थोडे उचलले आणि पानाच्या जागी हिरवट धुके उरले. व्हेलममधून जाणारा प्रकाश थोडा पसरतो, आणि चित्र कागदापासून जितके दूर तितकी ही पसरण वाढते. म्हणजे खालचे चित्र किती स्पष्ट दिसावे हे ठरवण्याचे साधन आपल्याकडे आहे, आणि ते साधन म्हणजे दोन थरांमधील अंतर. कागदातून काढून टाकलेली हवा आपण कागदाखाली, हवी तेवढीच, पुन्हा आणून ठेवतो. व्हेलम सपाट बसवला तर मागचे चित्र जवळ येते. फोम टेपवर, म्हणजे स्पंजासारख्या जाड चिकटपट्टीवर, उचलून बसवला तर तेच चित्र दूरच्या डोंगरासारखे मागे सरते. मला स्वतःला एकाच शुभेच्छापत्रात दोन्ही वापरायला आवडते: खाली धूसर रान, त्यावर उचललेला व्हेलम आणि त्या व्हेलमवर थेट उमटवलेली एकच रेखीव फांदी.

यातून रंगांविषयी एक नियम आपोआप निघतो. खालच्या थरावरील ठसा डोळ्यांना योग्य वाटतो त्याहून एक छटा गडद उमटवावा, कारण व्हेलम त्याचा जोर कमी करणारच आहे. नाजूक रेषांचे ठसे खाली वाया जातात. खाली भरीव आकार द्यावेत आणि रेषा वरच्या थरासाठी राखून ठेवाव्यात.

शाईचा प्रश्न अनेकांना छळतो. साध्या कागदावर पाण्याची शाई वाळते ती मुख्यतः कागदात मुरते म्हणून. व्हेलममध्ये मुरायला जागाच नसते, त्यामुळे शाई पृष्ठभागावर ओली राहते, आणि न विरघळणाऱ्या रंगकणांची पिगमेंट शाई तर फारच काळ ओली राहते. मी अगदी सुरुवातीला केलेले एक शुभेच्छापत्र दोन दिवस वाळवून, बोट लावून, खात्री करून पाकिटात घातले होते. ज्यांना ते मिळाले त्यांच्याकडे नंतर गेले तेव्हा ते त्यांनी प्रेमाने दाखवले, आणि निळ्या फुलांची दुसरी रांग पाकिटाच्या आतल्या बाजूला उमटलेली मी पाहिली. त्या दिवसापासून व्हेलमसाठी मी दोनच मार्ग धरले आहेत. पहिला म्हणजे सॉल्व्हंट शाई, जी मुरण्याची वाट न पाहता द्रावक उडून जाताच वाळते. तिच्यात पाणी नसल्याने कागदही कमी वाकतो, ही आणखी एक जमेची बाजू.

दुसरा मार्ग एम्बॉसिंगचा, म्हणजे ओल्या शाईवर पावडर टाकून ती उष्णतेने वितळवण्याचा, आणि त्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण व्हेलमवरील पांढऱ्या एम्बॉसिंगइतके देखणे ठसाकाम मला दुसरे माहीत नाही. शाई लवकर वाळत नाही हा कागदाचा दोष इथे गुण ठरतो: पावडर टाकायला आपल्याला पुरेसा वेळ मिळतो. ठसा उमटवण्याआधी अँटिस्टॅटिक पावडरची पुरचुंडी कागदावरून हलकेच फिरवावी, नाहीतर बोटांच्या तेलकट खुणांवर पावडरचे कण चिकटतात आणि वितळल्यावर कायमचे तिथेच राहतात. ठसा उमटवून एम्बॉसिंगची पावडर भुरभुरावी, जास्तीची झटकावी, चुकार कण कोरड्या बारीक कुंचल्याने काढावेत. मग हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र, कागदापासून दूर धरून आधी पूर्ण तापू द्यावी. हे महत्त्वाचे आहे. थंड गन कागदावर धरून ती तापण्याची वाट पाहिली, तर पावडर वितळण्याआधीच व्हेलममधला ओलावा उडतो, कागद आक्रसतो आणि लाटांसारखा वेडावाकडा होतो. तापलेला झोत खालच्या बाजूने, सतत हलता ठेवून द्यावा आणि नजर ठशावरून ढळू देऊ नये. आधी तिथे पिठूळ, खडबडीत पांढरेपणा असतो. मग एका कडेला ओलसर चकाकी येते आणि बघता बघता रेषेवरून पुढे सरकते. चकाकी जिथे पोहोचली तिथून झोत त्याच क्षणी हलवायचा. कागद थोडा वाकलाच, तर ठसा पूर्ण थंड झाल्यावर वजनाखाली रात्रभर ठेवावा. हवेतला ओलावा परत शोषून तो बराचसा सरळ होतो.

रंग भरायचे असतील तर ते मागच्या बाजूने भरावेत, याबाबत मी तडजोड करत नाही. सॉल्व्हंट शाईच्या रेषेवरून अल्कोहोल मार्कर फिरवला तर रेषा विरघळून फिसकटते. मागून भरलेला रंग रेषेला धक्का लावत नाही, आणि पुढून पाहताना त्यावर कागदाचीच एक मंद साय येते. मार्करचे फटकारे मागे कितीही उघडे दिसले तरी पुढे मऊ होऊन येतात. रंगीत पेन्सिलीही चालतात.

चिकटवण्याविषयी थोडक्यात सांगते. व्हेलममधून डिंकही दिसतो आणि टेपही दिसते. एक तर चिकटपट्टी एम्बॉस केलेल्या किंवा मागून रंगवलेल्या भागाखाली लपवावी, किंवा रिबन बांधावी, किंवा व्हेलम चारही बाजूंनी सेंटीमीटरभर मोठा कापून कार्डाच्या दर्शनी पट्टीमागे दुमडावा आणि तिथेच चिकटवावा. तिसरा उपाय मला सर्वांत स्वच्छ वाटतो. दुमडल्यावर कडेला पांढरी रेघ उठते, कारण घडीवर तंतू सुटतात आणि त्यांच्या मध्ये हवा शिरते. गोल टोकाच्या सळईने मागून दाबून पांढरी नक्षी उठवणारे कारागीर नेमका याच गोष्टीचा उपयोग करतात.

शेवटी एक नमुना दाखवते. कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागात, कार्डपेपरवरच, काळ्या शाईने एक झाड उमटवले आहे. तोच ठसा मी व्हेलमच्या पट्टीवर सॉल्व्हंट शाईने उमटवला, पट्टी खालची कड वर येईल अशी पालथी केली आणि झाडाच्या बुंध्याला बुंधा लावून खालच्या अर्ध्या भागावर बसवली. व्हेलम आरपार दिसतो म्हणून पालथे चित्र आपोआप उलटे होते, आणि कागदाच्या जाडीतून पाहिल्यामुळे ते मूळ झाडापेक्षा किंचित फिके पडते. पाण्यातले प्रतिबिंब असेच असते. पट्टीखाली, कार्डपेपरवर, फिकट निळ्या शाईच्या दोन-तीन आडव्या रेघा आहेत, त्या पाण्याच्या. हे कार्ड आता पुढच्या रांगेत देते. बोटांच्या खुणा पडू नयेत म्हणून कडेने धरा, आणि पट्टी खालून अलगद उचलून पाहा. ती एकाच बाजूने चिकटवलेली आहे. जसजशी उचलाल तसतसे पाणी धूसर होत जाईल, झाड मात्र स्पष्टच राहील.