व्यायच्या आदल्या दिवशीचा थर्मामीटर

[दृश्य: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला गोठा. पहाट. कौलांवर पाऊस.]

वाळपईजवळच्या या गोठ्यात जर्सी संकरित गाय दिवस भरत आली आहे. कास तटतटली, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडचे स्नायुबंध सैल पडले. आज व्याते की परवा?

[दृश्य: थर्मामीटर, तेलाची वाटी.]

रोज सकाळी वैरण टाकण्याआधी, एकाच वेळेला तापमान घ्या. थर्मामीटरला तेल लावा, गुदद्वारात तिरका सारा, आतल्या भिंतीला टेकलेला एक मिनिट धरा. शेणाच्या गोळ्यात रुतला तर आकडा फसवा. सकाळची तुलना संध्याकाळशी तर नकोच. संध्याकाळी अंग मुळातच गरम असते.

चार दिवस 102.2 फॅरनहाइट, आणि आज 101.3? बहुतेकदा चोवीस तासांत वासरू येते.

[दृश्य: रेखाटन, मेंदू आणि अंडाशय.]

हा उतार प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घटल्याचा. गाभणकाळभर अंडाशयावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी पिवळी गाठ) हे स्टेरॉइड बनवतो, आणि ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचे नेमलेले तापमान किंचित वर सरकवते. पाळीच्या उत्तरार्धात बायकांचे अंग 0.3 ते 0.5 सेल्सियसने वाढते, तेही याच संप्रेरकामुळे.

पीतपिंड विरण्याचा हुकूम मात्र वासराचा! पोटातच त्याच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. वारेत प्रोजेस्टेरॉनचे इस्ट्रोजेन होऊ लागते, प्रोस्टाग्लँडिन हे रसायन सुटते, त्याने पीतपिंड विरतो. आईचे तापमान उतरते.

तेच कॉर्टिसॉल वासराचीही चूल मांडून ठेवते. यकृतात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतो, थायरॉइडचे टी-४ हे संप्रेरक अधिक जोरकस टी-३ मध्ये बदलते. मूत्रपिंडांभोवतीची तपकिरी चरबी त्याच टी-३ च्या बळावर न कुडकुडता उष्णता देते. दिवस न भरता आलेले वासरू म्हणूनच लवकर गारठते, जूनच्या ओल्या गोठ्यात तर फारच. गोणपाटाने खरखरून पुसा. 25 किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत अडीच लिटर चीक पाजा.

[दृश्य: औषधांची पेटी.]

डेक्सामेथासोन हे औषध कॉर्टिसॉलचेच कृत्रिम भावंड. गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यांत टोचले तर गाय अकाली व्याते किंवा गाभडते. शिवाय ते ताप उतरवते, जंतू नव्हे. आकडा छान, गाय आजारी.

आणखी एक उतार ओळखून ठेवा. व्यायल्यावर पारा 100 खाली, कान गार, मान कुशीकडे वळलेली: इथे प्रोजेस्टेरॉनचा संबंध नाही, रक्तातले कॅल्शियम घटले आहे. डॉक्टरांना लगेच बोलवा.