चार मात्रांचा बँड: काउंट बेसीची पन्नास वर्षं

(पडदा काळा. पियानोचे तीन छोटे सूर. क्षणभर शांतता. मग सगळा बँड एका फटक्यात.)

हे तीन सूर वाजवायला उजव्या हाताची दोन बोटं पुरतात. पण जाझ ऐकणाऱ्याच्या कानावर ते पडले की नाव विचारावं लागत नाही. विल्यम बेसी, ज्याला जग काउंट बेसी म्हणून ओळखतं, 1935 मध्ये बँडचा प्रमुख झाला आणि 1984 मध्ये जाईपर्यंत प्रमुखच राहिला. बँडमध्ये पियानोवादक तो, आणि सगळ्यात कमी सूर वाजवणाराही तोच. असं वाजवणं त्याला का परवडलं, हे समजून घ्यायचं असेल तर त्याच्या शेजारी बसलेल्या तिघांकडे पाहावं लागतं. पण आधी थोडं मागे जाऊ.

(छायाचित्र: न्यू जर्सी, रेड बँक.)

जन्म 21 ऑगस्ट 1904, न्यू जर्सीतल्या रेड बँक गावी. आई लोकांचे कपडे धुऊन द्यायची आणि त्यातूनच मुलाच्या पियानोच्या शिकवणीचे पैसे भरायची, एका धड्याला 25 सेंट. मुलाला मात्र ड्रम वाजवायचे होते. त्याच भागात सनी ग्रीअर नावाचा मुलगा त्याच्यापेक्षा कितीतरी सरस ड्रम वाजवायचा. पुढे हाच ग्रीअर ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये गेला. त्याचं वाजवणं ऐकून बेसीने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या आणि पियानो धरला. लय मात्र त्याच्या अंगात मुरली होती, ती गेली नाही.

1924 च्या सुमारास तो न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीत आला. तिथे पियानोवादकांची चढाओढ असायची ती ‘स्ट्राइड’ शैलीत. या शैलीत डावा हात सतत उड्या मारतो. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खाली खर्जाचा सूर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला वर मधल्या पट्टीत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले काही सूर. बास आणि ठेका दोन्ही एकाच हाताने सांभाळायचे, म्हणजे पियानोवादकाला दुसऱ्या कुणाची गरजच पडत नाही. बेसी हे सगळं शिकला. लिंकन थिएटरमध्ये फॅट्स वॉलर ऑर्गन वाजवायचा, तेव्हा त्याच्या पायांपाशी बसून पेडलवरची पावलं कशी पडतात तेही त्याने पाहिलं. एकट्याने अख्खं थिएटर भरून टाकायची विद्या त्याच्याकडे होती. पुढे त्याने ती बाजूला ठेवली, म्हणून हे आधी सांगितलं.

1927 मध्ये तो एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर कॅन्सस सिटीत पोहोचला. कंपनी मोडली आणि तो तिथेच अडकला. पोटासाठी मूकपटांना ऑर्गनची साथ करू लागला. पुढच्या वर्षी वॉल्टर पेज या बासवादकाच्या ‘ब्लू डेव्हिल्स’ बँडमध्ये गेला आणि 1929 मध्ये बेनी मोटनच्या बँडमध्ये. मोटन स्वतः पियानोवादक होता, तरीही त्याने आपली खुर्ची या तरुणाला दिली. एप्रिल 1935 मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मोटनचा मृत्यू झाला.

(छायाचित्र: कॅन्सस सिटीतली रात्र.)

बेसीने रेनो क्लबमध्ये 9 जणांचा बँड उभा केला: 3 ट्रम्पेट, 3 सॅक्सोफोन आणि पियानो, बास, ड्रम. रात्रभर नाचणाऱ्यांसाठी वाजवायचं. कागदावर जवळजवळ काहीच लिहिलेलं नसायचं. यांच्या भाषेत त्याला ‘हेड अरेंजमेंट’ म्हणतात, म्हणजे डोक्यात ठेवलेली रचना. तिची रीत अशी. पियानो सुरुवात करतो. एखादा सॅक्सवाला दोन-चार बारांची (बार म्हणजे चार मात्रांचा गट) छोटी ओळ पकडतो, तिला ‘रिफ’ म्हणतात. बाकीचे दोघे तीच ओळ वरच्या-खालच्या सुरांत जोडून घेतात. ट्रम्पेटवाले त्या ओळीच्या मधल्या रिकाम्या जागेत उत्तर देतात. चार-पाच रात्री हे सगळं तसंच वाजलं की रचना पक्की झाली.

या पद्धतीत एक मोठा धोका आहे. वादक सोडून गेला की त्याच्याबरोबर त्याची ओळही जाते.

रेनो क्लबमधून W9XBY या केंद्रावरून कार्यक्रम प्रसारित व्हायचा. 1936 मध्ये जॉन हॅमंड या रेकॉर्डनिर्मात्याने तो शिकागोत गाडीच्या रेडिओवर ऐकला आणि बँडची वाट बदलली. पण हॅमंड करार घेऊन पोहोचायच्या आत डेक्का कंपनीची सही झालेली होती: रेकॉर्डच्या 24 बाजू, 750 डॉलर, रॉयल्टी शून्य. म्हणजे एका बाजूला जेमतेम 31 डॉलर. पुढे ज्या रेकॉर्डींनी नाव केलं त्यांतल्या कित्येक या 24 मध्येच होत्या. बँडप्रमुखाने करारात पहिल्यांदा कोणती ओळ वाचायची, याचा याहून कडू धडा सापडणं कठीण.

(छायाचित्र: शिकागो, 1936 चा हिवाळा.)

शिकागोला जाताना बँड 13 जणांचा झाला आणि लगेच बिघडला. कारण अगदी साधं आहे. तीन सॅक्स कानावर हवाला ठेवून सूर वाटून घेऊ शकतात. चौथा आला की दोघे नकळत एकाच सुरावर येतात आणि कॉर्डमधला एक सूर कुणाच्याच वाट्याला येत नाही. ऐकणाऱ्याला काहीतरी पोकळ वाटतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. त्यात सगळ्यांची वाद्यं एका पट्टीत नीट जुळलेली नव्हती. 9 जणांच्या गजरात जे खपून जात होतं ते आता उघडं पडलं. समीक्षकांनी बेसूरपणावर बोट ठेवलं, आणि ते खरंच होतं. अशा वेळी फ्लेचर हेंडरसन या प्रतिस्पर्धी बँडप्रमुखाने आपल्या लिखित रचना बेसीला वापरायला दिल्या. धंद्यात इतका दिलदारपणा क्वचितच दिसतो.

आता त्या तिघांकडे वळू. मार्च 1937 मध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन आला आणि चौकडी पुरी झाली: बासवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स, गिटारवर ग्रीन आणि पियानोवर बेसी.

(चारही वाद्यं एकत्र, मग एकेक वेगळं ऐकू येतं.)

आधी फक्त बास ऐका. पेज प्रत्येक मात्रेला एक सूर वाजवतो, चार मात्रांना चार. चाल पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखी, एका कॉर्डमधून पुढच्या कॉर्डमध्ये नेणारी. आता यावर बेसीने स्ट्राइडचा डावा हात चालवला तर काय होईल? पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला दोन खर्जाचे सूर एकमेकांवर आदळतील. ते एकच असतील तर आवाज जड होईल, वेगळे असतील तर गढूळ. म्हणून बेसीने डावा हात जवळजवळ काढून घेतला.

आता ड्रम. जुने ड्रमवादक ठेका पायातल्या मोठ्या ड्रमवर ठोकायचे. जोन्सने तो उचलून हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाक होणाऱ्या झांजांच्या जोडीवर नेला. मोठा ड्रम तो इतका हलका वाजवतो की तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो. त्यामुळे खालचा सगळा मोकळा भाग बासला मिळाला.

आणि गिटार. हे कान देऊन ऐकावं लागतं, कारण ग्रीनची ही गिटार इलेक्ट्रिक नाही. पोकळ, कमानदार पाठीची गिटार, तारा पट्टीपासून बऱ्याच उंच. तारा उंच असल्या की बोटांना त्रास होतो, पण जोरात आघात केला तरी तार खडखडत नाही. प्रत्येक मात्रेला एक आघात, आणि आघात होताच डाव्या हाताचा दाब सैल, म्हणजे सूर लांबत नाही. सहा तारा असूनही तो वाजवायचा दोन किंवा तीन सूर, कधी तर त्यांतला एकच खणखणीत. सगळ्या तारा छेडल्या तर पियानो आणि सॅक्स जिथे बोलतात तिथेच गर्दी होते. आजही या शैलीत नव्याने बसणारे गिटारवादक इथेच चुकतात. अँप्लिफायर वाढवतात, कॉर्ड भरगच्च करतात, आणि मग बास नि हाय-हॅट यांची जी एकजीव खसखस हवी ती फुटते.

तिघांनी लय, बास आणि कॉर्ड सांभाळल्यावर पियानोला उरलं काय? दोन ओळींमधली फट. बेसी तिथे दोन सूर टाकायचा. पुढच्या वादकाला इशारा, नाहीतर नुसता धक्का.

बेसीचं खरं काम सुरुवातीलाच व्हायचं. मोजून ‘एक, दोन’ म्हणण्याऐवजी तो चौकडीला घेऊन एक-दोन आवर्तनं स्वतः वाजवायचा. लय नाचणाऱ्यांच्या पावलांना बसतेय असं वाटलं की मग बँडला आत घ्यायचा. 12 बारांच्या ब्लूजमध्ये 48 मात्रा असतात. मिनिटाला 180 मात्रांची लय धरली तर एक आवर्तन 16 सेकंदांचं होतं. एवढ्या वेळात चुकलेली लय हळूच सावरता येते. तेरा जण एकदा सुटले की येत नाही.

(रेकॉर्डवर सुई टेकते. जुलै 1937.)

‘वन ओ’क्लॉक जंप’ त्या वर्षी 7 जुलैला रेकॉर्ड झालं. रचना याच रीतीची: पियानो F या पट्टीत सुरू करतो, मग सगळा बँड D फ्लॅट या पट्टीत जातो आणि हर्शल एव्हन्सचा टेनर सॅक्स उठतो. पुढे लेस्टर यंगचा टेनर येतो. एकच वाद्य, पण आवाज दोन जगांतले: एव्हन्सचा भरदार, कंप असलेला, यंगचा हलका आणि सरळ. शेवटी रिफवर रिफ चढत जातात. एका बाजूला साधारण तीन मिनिटं, तेवढ्यात हे सगळं बसवलेलं. आणि या रेकॉर्डचीही रॉयल्टी नाही.

1938 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या 52 व्या रस्त्यावरचा ‘फेमस डोअर’ हा चिंचोळा क्लब मिळाला. क्लबमध्ये गारवा करणारं यंत्र नव्हतं, म्हणून बेसीचं काम पाहणाऱ्या एजन्सीने 2,500 डॉलर घालून ते बसवून दिलं. तिथून रेडिओवर प्रसारण सुरू झालं आणि नाव देशभर पोहोचलं.

मग युद्ध आलं. वादक सैन्यात गेले, ऑगस्ट 1942 पासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंग थांबवलं, आणि युद्धानंतर नाचाचे मोठे हॉल ओस पडू लागले. प्रवास आणि पगार परवडेना. 1950 मध्ये बेसीने बँड मोडला आणि सहा-आठ जणांना घेऊन निघाला. त्यात ग्रीनचं नाव नव्हतं. सांगतात की एका कार्यक्रमाला तो गिटार घेऊन न बोलावता आला आणि पुन्हा गेलाच नाही.

(छायाचित्र: रांगेत मांडलेली नोटेशनची स्टँड्स.)

1952 मध्ये मोठा बँड पुन्हा उभा राहिला, पण वेगळ्या पायावर. पहिला बँड माणसांच्या डोक्यात होता. हा कागदावर होता. 5 सॅक्स, 4 ट्रम्पेट, 3 ट्रॉम्बोन आणि लयीची चौकडी: 16 जण. नील हेफ्टी, अर्नी विल्किन्स, फ्रँक फॉस्टर, थॅड जोन्स यांनी रचना लिहिल्या. आता कुणी आजारी पडला तर दुसरा येऊन पान उघडून वाजवू शकत होता. पहिल्या बँडची ती बेभान मोकळीक यात कमी झाली, हे मान्य करायला हवं. पण 16 जणांचे सूर एकत्र थांबतात आणि एकत्र सुटतात ती शिस्त पहिल्या बँडकडे नव्हती.

लिहिलेल्या रचनेतही शेवटचा शब्द लयीचाच. हेफ्टीने ‘लिल डार्लिन’ बरीच जलद लिहिली होती. बेसीने ती अतिशय संथ करायला सांगितलं, आणि 1957 मध्ये ती तशीच रेकॉर्ड झाली. संथ लय ही मोठ्या बँडची सर्वांत कठीण परीक्षा. दोन मात्रांमध्ये इतकी जागा पडते की कुणीतरी हमखास आधी घुसतो, ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांचा, दम पुरत नाही, सूर शेवटी खाली उतरतो. उपाय एकच, चौकडीने एकही मात्रा पुढे ढकलायची नाही. ती रेकॉर्ड लावून फक्त गिटारच्या मागे चालत राहा, सगळं कळेल.

त्यानंतरचा काळ यशाचा. 1954 च्या शेवटी जो विल्यम्स गायक म्हणून आला, 1955 मध्ये रेकॉर्ड झालेलं ‘एप्रिल इन पॅरिस’ गाजलं, 1959 च्या पहिल्याच ग्रॅमी समारंभात 2 पुरस्कार मिळाले. 1966 मध्ये लास व्हेगासच्या सँड्स हॉटेलात फ्रँक सिनात्राबरोबर थेट मैफल रेकॉर्ड झाली, संयोजन क्विन्सी जोन्सचं.

1976 मध्ये बेसीला हृदयविकाराचा झटका आला. तो बरा होईपर्यंत नॅट पिअर्सने पियानो सांभाळला आणि बँडचा प्रवास सुरू राहिला. कागदावर उतरवलेल्या बँडचा हा फायदा. नंतरच्या वर्षांत बेसी मोटर लावलेल्या गाडीवरून मंचावर यायचा, पियानोपाशी उतरायचा आणि एक-दोन आवर्तनं लय शोधायचा. 26 एप्रिल 1984 रोजी फ्लोरिडातल्या हॉलिवूड गावी त्याचं निधन झालं.

बँड थांबला नाही. आधी थॅड जोन्स आणि मग फ्रँक फॉस्टर यांनी तो पुढे नेला. ग्रीन 1987 मध्ये मृत्यूपर्यंत आपल्या जागेवर होता, पन्नास वर्षं. ब्रासचा आणि सॅक्सचा प्रत्येक सूर कागदावर शाबूत आहे. पियानोच्या पानावर मात्र बऱ्याच ठिकाणी कॉर्डची नावं आहेत आणि पुढे रिकामे बार. त्या खुर्चीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या वादकाला तिथे काय वाजवायचं आणि किती थांबायचं, हे बाजूच्या बास आणि गिटारकडे कान लावून रोज रात्री नव्याने ठरवावं लागतं.

(पियानोचे तीन सूर. बँड. काळा पडदा.)