कानशिलावर ठेवलेला कान

श्रोतेहो, नमस्कार.

सोनोग्राफी म्हटलं की डोळ्यांपुढे पडदा येतो. पण आजची तपासणी, मेंदूकडे वाहून जाणारे गुठळ्यांचे कण टिपणारी, बघण्यापेक्षा ऐकण्याची जास्त आहे, म्हणून ती रेडिओवर सांगायला मला आवडेल.

जबड्याखाली, गळ्याच्या एका बाजूला हलकेच बोट ठेवा. दाबू नका. ठोका लागतो ना, ती कॅरोटिड धमनी. थोडी वर जाऊन ती दुभंगते आणि एक फाटा मेंदूकडे जातो. या फाट्याशीच चरबीचा थर साचतो. मानेच्या डॉप्लर तपासणीत, म्हणजे वाहत्या रक्ताच्या सोनोग्राफीत, धमनी किती अरुंद झाली ते कळतं. पण नुसत्या अरुंदपणाची मला तेवढी धास्ती वाटत नाही. थर वरून फाटला की तिथे रक्ताची गुठळी धरते, आणि तिचे कण सुटून मेंदूकडे जातात. बारीक कण गेले तर माणसाला पत्ताही लागत नाही. मोठा तुकडा अडकला तर अर्धांगवायू.

हे कण पकडता येतात. १९८२ साली रूने आस्लिड या संशोधकांनी कानशिलाच्या पातळ हाडातून २ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी मेंदूतल्या धमनीपर्यंत पोचवल्या. या लहरी आपल्याला ऐकू येत नाहीत. पण वाहत्या रक्तावर आपटून परतताना त्यांच्या वारंवारतेत जो फरक पडतो, तो नेमका कानाच्या टप्प्यात येतो. यंत्रातून 'हूश्श, हूश्श' ऐकू येत राहतं आणि मध्येच 'चिव्'! तो कण गेला. सगळा खेळ ३०० मिलिसेकंदांच्या आतला. सिअ‍ॅटलचे संशोधक मेरिल स्पेन्सर यांनी १९९० मध्ये मानेतल्या या धमनीच्या शस्त्रक्रियेदरम्यान असे कण टिपले. त्याआधी ते पाणबुड्यांच्या रक्तातले बुडबुडे ऐकत असत, म्हणजे कान तयारच होता!

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धमनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद, पण त्रास काहीच नाही, असे ४६७ जण होते. ७७ जणांत हे आवाज सापडले. त्यांच्यात, अरुंद धमनी ज्या बाजूला त्याच बाजूच्या मेंदूत झटका येऊन होणाऱ्या पक्षाघाताचं प्रमाण वर्षाला ३.६२ टक्के निघालं, इतरांत ०.७०.

मग सगळीकडे ही तपासणी का होत नाही? एकेका माणसाला तासभर निजवून ऐकत बसावं लागतं. त्याने दात आवळले तरी खरखर होते. आणि काहींच्या, विशेषतः वयस्कर बायकांच्या, कानशिलाचं हाड लहरींना आत जाऊच देत नाही.